हायड्रोलिक उचलतो, पेलतो मात्र पुढचा एक्सल

(वाचकांचे प्रश्न : ट्रॅक्टर आणि शेती अवजारे)

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरविषयी, म्हणजे दोन आर्मवर (लोखंडी हातांवर) बकेट असलेल्या, माल उचलण्याच्या अवजाराविषयी आहेत. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शेणखत, प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर साखर कारखान्यात उरणारा चोथा), तलावातील गाळ आणि मुरूम भरण्यासाठी मजूर मिळेनासे झाल्यापासून लोडर घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्याबरोबर तक्रारीही वाढल्या आहेत. म्हणून या अंकातील सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे ४५ अश्वशक्तीचा, मागच्या दोनच चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर आहे. मागच्या दिवाळीला त्याला लोडर बसवला. उसाच्या लागणीआधी प्रेसमड आणि शेणखत भरण्याचे काम मी स्वतःसाठी आणि भाड्यानेही करतो. वर्षभरात पुढच्या चाकांची बेअरिंग दोनदा गेली, किंगपिनचे (पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिचे) बुश झिजले आणि आता स्टेअरिंग जड झाले आहे. हायड्रोलिक (पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर चालणारी उचल) मात्र भरलेली बकेट सहज उचलतो. मिस्त्री म्हणतात, सुटे भाग हलके मिळाले. खरे कारण काय असावे? (एक वाचक, ता. पलूस)

उत्तर : सुटे भाग हलके असू शकतात, परंतु आपल्या पत्रातील एका वाक्यावरून मला कारण दुसरे दिसते. ‘हायड्रोलिक भरलेली बकेट सहज उचलतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. बकेट वर नेण्याचे काम हायड्रोलिक करतो, पण वर गेलेले वजन जमिनीपर्यंत पोहोचते ते पुढच्या एक्सलमधून, किंगपिनमधून, स्टब एक्सलमधून (चाक ज्यावर बसते त्या आखूड दांड्यातून) आणि त्यावरच्या दोन लहान बेअरिंगमधून. पंपाची ताकद आणि एक्सलची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पंपाला एक्सलची स्थिती कळत नाही.

पहारीने मोठा दगड उचकटताना आपण तिच्याखाली टेकू म्हणून एक लहान दगड ठेवतो. त्या टेकूवर केवळ मोठ्या दगडाचेच वजन येत नाही, तर आपण दुसऱ्या टोकाला दाबतो तो जोरही त्याच्यावरच येतो. लोडरच्या कामात ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल हा तो टेकू असतो. आकड्यांत पाहू. समजा, पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये २ मीटर अंतर आहे आणि बकेटमधील मालाचा मध्य पुढच्या एक्सलच्या १.५ मीटर पुढे आहे. बकेटमध्ये ५०० किलो माल घेतला, तर पुढच्या एक्सलवर ५०० नव्हे, ८७५ किलो वजन वाढते आणि मागच्या चाकांवरचे ३७५ किलो कमी होते. बकेटचे आणि तिच्या दोन्ही आर्मचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही, तेही सतत पुढेच असते. हा हिशेब ट्रॅक्टर उभा असतानाचा आहे. भरलेली बकेट घेऊन खड्ड्यातून जाताना, किंवा खाली येणारी बकेट लिव्हर सोडून एकदम थांबवताना बसणारा झटका याच्या कितीतरी वर जातो, आणि बेअरिंग बहुधा त्या झटक्यांनीच जातात.

उपाय मागे आहे. तीन दांड्यांच्या लिंकेजवर, म्हणजे मागच्या एक्सलच्या पाठीमागे, वजन टांगावे. वरच्याच उदाहरणात मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे ५०० किलोचे वजन टांगले, तर ते पुढच्या एक्सलवरचा ३०० किलो भार उतरवते. म्हणजे पुढची वाढ ८७५ वरून ५७५ वर येते, आणि मागची चाके हलकी होण्याऐवजी तिथे एकूण ४२५ किलो वाढतात. एवढ्याने चाकांची पकड परत येते, ब्रेक लागतात आणि स्टेअरिंगही हलके होते.

यासाठी महागडी वस्तू लागत नाही. तेलाचे २०० लिटरचे रिकामे बॅरल काँक्रीटने भरले की त्याचे वजन सुमारे ४८० किलो होते. पत्र्याचा किंवा फळ्यांचा साचा करून ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच ठोकळा ओतला, तर तो ५०० किलोच्या थोडा वर जातो. ओतण्यापूर्वी खालच्या दोन दांड्यांसाठी आरपार जाणारा एकच लोखंडी बार आणि वर टॉप लिंकसाठी (लिंकेजच्या वरच्या, तिसऱ्या दांड्यासाठी) दोन जाड पट्ट्या आतल्या सळ्यांना वेल्डिंग करून घ्याव्यात. बारची टोके आपल्या लिंकच्या छिद्राप्रमाणे हवीत. लहान ट्रॅक्टरला ती २२ मिलिमीटरची असतात, तर ४५ अश्वशक्तीच्या वर्गात बहुधा २८ मिलिमीटरची. टॉप लिंक न जोडता नुसत्या दोन दांड्यांवर ठोकळा अडकवू नये, तो मागे-पुढे कलंडतो. घरी पलटी नांगर असेल तर तोही चालतो, मात्र त्याचे फाळ ट्रॉलीला आणि माणसांना लागतात, म्हणून ट्रॉली भरण्याच्या कामाला मी ठोकळाच पसंत करतो. लिंकवर वजन किती टांगावे याची मर्यादा ट्रॅक्टरच्या आणि लोडरच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती ओलांडू नये.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील पूर ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावात गल्लीतला गाळ काढण्यासाठी मी ट्रॅक्टर नेला होता. ट्रॉली सोडून ठेवलेली, मागे काहीच नाही, आणि बकेटमध्ये काठोकाठ ओला गाळ. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर समोरून पाहिला, तेव्हा डावे चाक वरच्या बाजूने आत झुकलेले दिसले. टायरचा आतला काठ बाहेरच्या काठापेक्षा स्पष्ट जास्त घासला होता. स्टब एक्सल वाकला होता. त्या तीन दिवसांत हायड्रोलिकने एकदाही तक्रार केली नव्हती. आपणही ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून दहा पावले समोर जा आणि दोन्ही पुढची चाके नजरेने तपासा. नंतर एक्सलखाली जॅक आणि मजबूत लाकडी ठोकळा लावून चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. खडखड लागली, तर आधी ती दुरुस्ती करा आणि मगच पुढचे काम घ्या.

आणखी दोन गोष्टी. पुढच्या टायरमधील हवा लोडरच्या कामासाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत ठेवा. आंतरमशागतीसाठी पुढची चाके बाहेर सरकवली असतील किंवा उलटी बसवली असतील, तर लोडरच्या कामापूर्वी ती पुन्हा आत घ्या, कारण चाक जितके बाहेर तितका स्टब एक्सलवर पीळ जास्त. मागच्या चाकांचे उलटे आहे. ती जितकी रुंद तितका ट्रॅक्टर स्थिर. आणि जागेवर उभे राहून स्टेअरिंग फिरवू नका. ट्रॅक्टर किंचित हलू द्या, मग वळवा.

प्रश्न : आम्ही मागच्या टायरमध्ये पाणी भरले आहे. मग वेगळे वजन टांगण्याची गरज आहे का? (एक वाचक, ता. कराड)

उत्तर : आहे. टायरमधील पाण्याचे वजन थेट मागच्या चाकावर असते. त्यामुळे मागची चाके जमिनीला धरून राहतात, हा फायदा खरा आहे, पण पुढच्या एक्सलवरचा एक किलोही त्याने कमी होत नाही. पहारीच्या भाषेत सांगायचे, तर टेकूवरचा भार उतरवण्यासाठी वजन मागच्या एक्सलच्याही मागे हवे. म्हणून पाणी हे ठोकळ्याच्या जोडीला ठेवावे, ठोकळ्याच्या जागी नव्हे. पाणी भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच भरावे, म्हणजे टायर सुमारे ७५ टक्के भरतो आणि उरलेल्या जागेत हवेची उशी राहते.

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावातील गाळ शेतात टाकण्याचे काम उन्हाळ्यात चालते. लोडरने गाळ खोदून ट्रॉली भरताना बकेटचा एक कोपरा वाकला आणि बकेट फिरवणाऱ्या एका सिलिंडरचा दांडा वाकडा झाला. जोर लावला की हायड्रोलिकमधून शिट्टीसारखा आवाजही येतो. लोडर कमी ताकदीचा मिळाला का? (एक वाचक, ता. खटाव)

उत्तर : लोडर ठीक असावा, काम त्याचे नव्हते. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये राज्यात सुरू झाल्यापासून दुष्काळी तालुक्यांत गाळ वाहण्याचे मोठे काम झाले आणि त्याचा शेतीला उपयोगही झाला. तळ्याचा गाळ मात्र वरून भेगाळलेला आणि खालून घट्ट चिकट असतो. तो फोडण्याचे काम जेसीबीचे किंवा पोकलेनचे. ती यंत्रे खोदण्यासाठीच घडवलेली असतात, त्यांच्या अंगात तेवढे वजन आणि तेवढे जाड पोलाद असते. ट्रॅक्टरचा लोडर हा सुटा माल उचलून टाकण्यासाठी असतो. जेसीबीने दिवसभर गाळ मोकळा करून ढीग लावावा आणि पुढे तीन-चार दिवस लोडरने ट्रॉल्या भराव्यात, असा हिशेब गावाने एकत्र बसून केला, तर जेसीबीचे तासही वाचतात आणि आपले यंत्रही.

बकेटचा कोपरा का वाकतो, ते सांगतो. ढिगात तिरके घुसले किंवा एकाच कोपऱ्याने कडक भाग उकरायचा प्रयत्न केला, की ट्रॅक्टरचा सगळा धक्का एका आर्मवर जातो. त्याने बकेट वाकते, आर्मला पीळ पडतो आणि पुढे दोन्ही आर्म कधीच एका पातळीत उतरत नाहीत. ढिगाकडे सरळ जावे. बकेटचे तळ जमिनीला समांतर आणि जमिनीपासून दोन-तीन बोटे वर ठेवावे. पहिल्या गिअरमध्ये सावकाश आत जावे. माल बकेटच्या पाठीला लागला, की पुढे रेटत न बसता बकेट हळूहळू मागे कलती करत थोडी वर घ्यावी, म्हणजे ती स्वतःच भरते. लांबून वेग घेऊन ढिगावर आदळण्याची सवय अनेक चालकांना असते. तिने एका दिवसात जेवढी झीज होते, तेवढी नीट चालवलेल्या लोडरची एका हंगामात होत नाही, असे मला इतक्या वर्षांच्या कामावरून वाटते.

सिलिंडरचा दांडा बहुधा मागे ओढताना वाकला असणार. जागा सपाट करण्यासाठी चालक बकेट पूर्ण उलटी करतात, धार जमिनीत उभी रोवतात आणि ट्रॅक्टर मागे घेतात. त्या वेळी सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर आलेले असतात आणि लांब निघालेला दांडा दाबाखाली काडीसारखा वाकतो. सपाटीकरण करायचेच असेल, तर बकेट थोडीच पुढे कलती ठेवा, लिव्हरला फ्लोटची खाच असेल तर ती वापरा, म्हणजे बकेट आपल्या वजनाने जमिनीच्या चढउताराप्रमाणे वर-खाली होते. फ्लोट फक्त बकेट जमिनीवर असतानाच लावावी. वर उचललेल्या बकेटला फ्लोट लावली, की ती धाडकन खाली येते.

शिट्टीचा आवाज हा रिलीफ व्हॉल्व्हचा आहे. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तो उघडतो आणि तेल परत टाकीत सोडतो. तो आवाज म्हणजे यंत्राने दिलेला नकार आहे. तो ऐकू येताच लिव्हर सोडावी, कारण त्या क्षणापासून इंजिनाची सगळी ताकद फक्त तेल तापवण्यात जाते. काही ठिकाणी या व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून ‘ताकद वाढवून’ दिली जाते. ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. व्हॉल्व्ह आवळल्याने एक्सल जाड होत नाही.

ओल्या आणि कोरड्या मालातला फरकही चालकाला समजावून सांगा. ३०० लिटर मावणाऱ्या बकेटमध्ये शेणखत सुमारे २०० किलोच्या आसपास बसते, पण तीच बकेट ओल्या मातीने भरली की वजन ४५० ते ५०० किलोवर जाते आणि ओल्या वाळूने भरली तर त्याहून वर. डोळ्यांना बकेट तेवढीच भरलेली दिसते. म्हणून शेणखताची बकेट शीग लावून घेतली तरी चालते, ओल्या गाळाची मात्र अर्धी किंवा पाऊणच घ्यावी.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी लहान ट्रॅक्टर आहे. त्याला लहान लोडर बसवून ओळींतून शेणखत टाकावे, असा विचार आहे. योग्य होईल का? (एक बागायतदार, ता. तासगाव)

उत्तर : बागेबाहेर ढिगावरून ट्रॉलीत खत भरण्यासाठी ट्रॅक्टर आणि लोडर दोन्ही एकमेकांसाठी शिफारस केलेले असतील, तरच बसवावा. ओळींतून मात्र नको. ८-९ फुटांच्या ओळीत पुढे बकेट आणि मागे वजन घेतल्यावर ट्रॅक्टरची लांबी इतकी वाढते, की ओळीच्या टोकाला वळताना अँगल, तार किंवा ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) आलेली वेल यांपैकी काहीतरी सापडतेच. शिवाय लहान ट्रॅक्टर अरुंद असतो आणि वर उचललेल्या वजनाने सहज कलंडतो. एप्रिलमधील खरड छाटणीआधी चारी पाडून शेणखत टाकायचे असेल, तर ओळीच्या तोंडाशी लहान ट्रॉली लोडरने भरावी आणि आत ट्रॉलीच न्यावी.

प्रश्न : लोडर बसवल्यापासून क्लच प्लेट दीड वर्षात जळाली. पूर्वी हीच प्लेट पाच-सहा वर्षे चालली होती. (एक वाचक, ता. वाळवा)

उत्तर : एक हिशेब करून पाहा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच ट्रॉलीत साधारण १२० घनफूट माल मावतो. ३०० लिटरच्या बकेटने ती भरायला ११-१२ बकेट लागतात. प्रत्येक बकेटला ढिगाकडे पुढे, मागे, ट्रॉलीकडे पुढे आणि पुन्हा मागे अशी चार वेळा दिशा बदलते. म्हणजे एका ट्रॉलीला जवळजवळ ५० वेळा क्लच दाबला जातो आणि दिवसाला १० ट्रॉल्या भरल्या, तर ५०० वेळा. नांगरणीत दिवसभरात एवढा क्लच कधीच लागत नाही. म्हणून प्लेट लवकर जाणे काही अंशी कामाचाच भाग आहे, पण दीड वर्ष फारच कमी आहे.

माझा अंदाज असा, की चालक अर्ध्या क्लचवर ढिगात घुसतो. इंजिन वाढवायचे, क्लच अर्धा सोडायचा आणि ट्रॅक्टर रेटायचा, ही सवय प्लेटच्या मुळावर येते. लो रेंजचा पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडावा आणि नंतर वेग फक्त थ्रॉटलने सांभाळावा. दिशा बदलण्यापूर्वी ट्रॅक्टर पूर्ण थांबला पाहिजे. पुढे सरकत असतानाच मागचा गिअर ओढला, तर क्लचबरोबर गिअरचे दातही जातात. पाय पेडलवर ठेवून चालवण्याची सवयही मोडावी, कारण नुसत्या पायाच्या वजनाने क्लच बेअरिंग फिरत राहते. दोन टप्प्यांचा क्लच असेल, तर पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेतील मापाप्रमाणे दर काही दिवसांनी तपासावा.

ट्रॉली उभी करण्याची जागाही महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी ट्रॉली ढिगाच्या पाठीमागे किंवा समांतर लांब उभी असते आणि चालक भरलेली बकेट घेऊन अर्धे वर्तुळ फिरतो. ट्रॉली ढिगाच्या कडेला तिरकी, जवळच लावावी, म्हणजे मागे येऊन थोडेसे वळले, की समोर ट्रॉली येते. त्याने क्लच वाचतो, पुढची चाके वजनाखाली कमी वळतात आणि डिझेलही कमी लागते. सुरुवातीच्या दहा मिनिटांत ढीग आणि ट्रॉली यांच्यामधली जागा त्याच बकेटने सपाट करून घेतली, तर दिवसभराचे झटके टळतात.

प्रश्न : आमचे शिवार डोंगरउतारावर आहे. भरलेली बकेट घेऊन उतरताना एकदा ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत गेला. ब्रेक दुरुस्त करून घेतले, तरी भीती वाटते. (एक वाचक, ता. पाटण)

उत्तर : भीती योग्य आहे आणि ब्रेकमध्ये बहुधा दोष नव्हताच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. भरलेली बकेट पुढे, उतारही पुढेच, आणि मागे टांगलेले वजन नाही, अशा वेळी मागची चाके जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. ब्रेकने चाक थांबते, पण पकड नसल्याने थांबलेले चाक तसेच घसरत जाते. चार चाकांना ओढ असणारा ट्रॅक्टर असेल, तर उतारावर ती ओढ चालू ठेवावी, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर मात्र ती बंद करावी.

उतारावरचा नियम असा ठेवा, की भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूला असली पाहिजे. वर जायचे तर सरळ पुढे जावे, खाली यायचे तर मागे मागे यावे. वाट उताराच्या सरळ रेषेत धरावी, आडव्या उतारावरून भरलेली बकेट नेऊ नये. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, त्यामुळे कलंडण्याच्या सुरुवातीला पुढची चाके आधार देत नाहीत, आणि आपल्याला ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. बकेट जमिनीपासून फूटभर उंचीवर, मागे कलती ठेवावी आणि ट्रॉलीजवळ पोहोचल्यावरच वर न्यावी. दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली असावीत. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडू नये. आणि ज्या वाटेवर रिकाम्या ट्रॅक्टरनेही आपल्याला सावधपणे जावे लागते, तिथे लोडर नेऊच नये. ढीग सपाटीवर लावावा आणि शेवटची चढण माणसांनी किंवा बैलगाडीने पार करावी, एवढे कष्ट तिथे रास्त आहेत.

प्रश्न : भाताच्या चिखलणीनंतर लोडरचे काम सुरू केले, तेव्हा हायड्रोलिक धक्के देऊ लागला. तेल काढून पाहिले तर दुधासारखे पांढरट दिसले. लोडरमुळे असे होते का? (एक वाचक, ता. शिराळा)

उत्तर : पांढरट तेलाची दोन कारणे असतात, त्यात मिसळलेली हवा किंवा पाणी. ओळखण्यासाठी थोडे तेल पारदर्शक काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते स्वच्छ झाले असेल, तर हवा होती. पांढरटच राहिले किंवा तळाशी पाण्याचा थर दिसला, तर चिखलणीच्या वेळी पाणी आत गेले आहे. पाणी असेल तर कोणते सील किंवा ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे तोंड) पाणी आत घेतो ते शोधून, सगळे तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय लोडर चालवू नये. हवा असेल तर आधी तेलाची पातळी पाहावी. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक यांचे तेल एकच असते आणि लोडरचे चार सिलिंडर भरायला त्यातूनच तेल जाते. लोडर बसवल्यावर वरून तेल वाढवलेच नाही, तर बकेट वर गेली की आतली पातळी घसरते आणि पंप हवा ओढतो. पातळी तपासताना ट्रॅक्टर सपाट जागी, बकेट जमिनीवर आणि इंजिन बंद असावे.

होज पाइपविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाइपमधून बारीक फवारा उडत असेल, तर गळती शोधण्यासाठी त्यावरून हात फिरवू नका. त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतले मांस सडत जाते आणि हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती पाहावी. तेल कातडीत गेल्याचा संशय आला, तरी दुखण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे आणि दाबाचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

प्रश्न : लोडर घ्यायचा आहे. एक जण पुढच्या बाजूला ब्रॅकेट मारून स्वस्तात बसवून देतो. दुसऱ्याची पूर्ण लांबीची फ्रेम महाग आहे. फरक पडतो का? (एक वाचक, ता. कोरेगाव)

उत्तर : फार पडतो. ट्रकला असते तशी वेगळी चेसिस बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स हे एकमेकांना बोल्टने जोडलेले ओतीव खोकेच ट्रॅक्टरचा कणा असतात. लोडरचा सगळा पीळ नुसत्या पुढच्या ब्रॅकेटवर घेतला, तर तो इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यावर उतरतो. तिथले बोल्ट ढिले होतात, तेल झिरपू लागते आणि शेवटी ओतीव भागाला तडा जातो. पुढून सुरू होऊन मागच्या एक्सल हाउसिंगपर्यंत जाणारी फ्रेम तो पीळ कण्याला बगल देऊन मागे नेते. आज वाचलेले पैसे आणि उद्याच्या क्लच हाउसिंगची किंमत यांची तुलना आपणच करा. आपल्या ट्रॅक्टरच्या मॉडेलला तो लोडर चालतो आणि बसवल्यावर हमी कायम राहते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बसवल्यावर पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळून घ्या आणि पुढेही दर आठवड्याला ते पाहत राहा.

प्रश्न : आंबे उतरवण्यासाठी आणि गणपतीच्या मांडवाचे काम करण्यासाठी बकेटमध्ये माणूस उभा केला तर चालतो का? (एक वाचक, ता. वाई)

उत्तर : नाही. एक पाइप फुटला किंवा चालकाचा हात लिव्हरला लागला, की बकेट उलटते. शिडी लावा किंवा परांची बांधा.

प्रश्न : हंगाम संपला की लोडर कसा ठेवावा? रोजची देखभाल कोणती? (एक वाचक, ता. मिरज)

उत्तर : रोज काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पिनच्या निप्पलला ग्रीस द्यावे, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत. प्रेसमड आणि शेणखतात काम करणाऱ्यांनी हे संध्याकाळी करावे, कारण ओलसर खत पिनेच्या फटीत रात्रभर राहिले, तर गंज धरतो. किंगपिन आणि पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनेचे निप्पल लोडरचे नसतात, म्हणून ते विसरले जातात, आणि सर्वांत जास्त भार त्यांच्यावरच असतो. दिवसाचे काम संपल्यावर बकेट जमिनीवर सपाट टेकवावी, इंजिन बंद करावे आणि लिव्हर दोन्ही बाजूंना एकेकदा हलवून पाइपमधील दाब सोडावा. हंगाम संपल्यावर लोडर उतरवून ठेवताना सिलिंडरचे चकचकीत दांडे शक्य तितके आत घ्यावेत आणि जो भाग उघडा राहील त्यावर ग्रीसचा हात फिरवावा, कारण पावसाळ्यात त्या दांड्यावर गंजाचे ठिपके पडले, की पुढच्या हंगामात पहिल्याच आठवड्यात सील फाटतात. पाइपच्या तोंडांना टोप्या लावाव्यात. आणि लोडर उतरवला, की मागचा ठोकळाही त्याच दिवशी काढावा. तो तसाच राहिला आणि ट्रॅक्टर चढावर गेला, तर पुढची चाके जमीन सोडतात आणि स्टेअरिंग हातात असूनही उपयोगाचे राहत नाही.